कुठं ठेवायलीस?

मे महिना. अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
बाहेर पत्र्याखाली बत्तीस माग आणि चव्वेचाळीस डिग्री,
आत ही एवढीच खोली गार,
कारण सर्व्हरला घाम चालत नाही.
म्हणून जेवणाच्या सुट्टीत लच्चय्या मामा
डबा घेऊन माझ्या दाराशी बसतात,
कडक भाकरी मोडतात, तिचा आवाज येतो,
आणि मी फोल्डर बनवते, खोडते, परत बनवते.

"काय करायलीस बिड्डा, सकाळपासनं?"
"जागा ठरवायलेय मामा. कंटेनरच्या फायली कुठं ठेवायच्या."
"मग ठेव की. एवढी मोठी मशीन हाय."

मशीन एवढीच मोठी होती, गोवर्धनच्याही वेळी.
त्यानं सगळं स्वतःच्या घरात ठेवलं:
होम, तिरकी रेघ, गोवर्धन, तिरकी रेघ, नवीन,
त्यात नवीन दोन, त्यात खरं नवीन.
तिथनंच चालायचा रंगखात्याचा हिशोब,
किती लिटरला किती ग्रॅम, किती मिनिटं उकळी.
चालत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.
तो हैदराबादला गेला. ऑफिसची चिठ्ठी आली: नाव काढा.
मी नाव काढलं.
नावाबरोबर घर गेलं.
घराबरोबर तीनशे अकरा रंग.

बॅकअप रोज रात्री दोनला उठायचा,
ठरलेल्या गल्ल्यांतून इमानानं फिरून यायचा.
त्या गल्ल्यांत गोवर्धनचं घर नव्हतं.

यादगिरी मास्तरांनी वहीतून, डोक्यातून,
नखावर थेंब घेऊन उजेडात धरून
एकेक रंग परत आणला.
मोरपंखी तेवढा आला नाही.
आला तो हिरवा होता, नाहीतर निळा होता.
जुन्या मोरपंखी टॉवेलचा एक तुकडा माझ्याकडं आहे.
त्यानं मी सर्व्हरवर बसलेली सुताची लव पुसते.

म्हणून आता वेळ लावते.
इटीसी: नावच बघा, इत्यादी.
ज्याच्यावाचून काही सुरूच होत नाही
त्याला कुणीतरी वगैरेत काढलंय.
टेम्प: एसटी स्टँडचं बाकडं,
मशीन झोपून उठली की झाडून साफ.
व्हार: फुगणारं, साचणारं, नोंदींचं कोठार.
ऑप्ट: बाहेरनं तयार आलेला माल, पुडक्यासकट.
आणि एसआरव्ही. बऱ्याच मशीनींवर रिकामीच असते,
कुणी तिथं काही ठेवत नाही, कुणी तिला काढतही नाही.
ही मशीन दुसऱ्यांना जे देते ते तिथं, असा जुना संकेत.
रंग आपण देतो. मग रंग तिथं.
एसआरव्ही, रंग.
एसआरव्ही, हजेरी.
प्रत्येकात मांडणीची एक फाइल, शेजारी डेटा.
कुणाचं नाव नाही कशाला. माझंही नाही.

ऑप्ट का नको, असं कुणी अडवलं तर
पक्कं उत्तर नाही माझ्याकडं. तेही चाललं असतं.

मामा हात धुऊन आले.
"आमच्यात तेलाचा डबा
पाचव्या मागाच्या डाव्या खांबाला."
"का?"
"काय की. मी लागलो तवापासनं तिथंच.
पाचवा माग भंगारात गेला, खांब ऱ्हायला.
लाइट गेली तरी हात तिकडंच जातोय."
मग शेंगाचटणीची पुडी टेबलावर ठेवून
भोंगा व्हायच्या आत गेले.

मी जागा कागदावर लिहून दाराला आतून चिकटवली,
मोठ्या अक्षरात, पुढच्या माणसासाठी,
जो अजून आलेला नाही, कदाचित दहावीत असेल.
बॅकअपला नवी गल्ली सांगितली.

रात्री दोनला जागी राहिले, अशोक चौकातल्या गच्चीवर,
मोबाइल डोळ्यांजवळ धरून.
दोन वाजून चार मिनिटांनी एक ओळ आली:
रंग, फायली तीनशे दहा.